नानांनी क्रिकेटवर एक ओळही लिहिली नव्हती

नानांवर अन्याय झाला. कधी झाला तेही सांगते, म्हणजे नंतर कुणी 'नेमकं कधी, ताई?' म्हणायला नको. नाना सोमवारी पहाटे गेले. अन्याय झाला बुधवारी सकाळी सात वाजता, पेपर दारात पडला तेव्हा. ठिकाण: पान सात, खालचा डावा कोपरा, शिकवणीच्या जाहिरातीला खेटून. आकार: चार ओळी. आणि त्या चार ओळींच्या डोक्यावर ठळक अक्षरांत मथळा, 'ज्येष्ठ क्रिकेट समीक्षकाचे निधन'.

क्रिकेट!

मी चहाचा कप खाली ठेवला आणि पुन्हा वाचलं. खाली लिहिलं होतं की क्रिकेटचा चालताबोलता ज्ञानकोश हरपला. अहो, ज्या माणसाला शेवटपर्यंत पायचीत म्हणजे काय ते नीट कळलं नाही, आणि कळून घ्यायची इच्छाही नव्हती, त्याला तुम्ही क्रिकेटच्या खात्यात ढकलून मोकळे झालात? खंडोबाच्या वाघ्याला बँडवाला म्हणून पोचवावं, तशातली गत.

ज्यांना नाना माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. पोटासाठी ते धाराशिवात एका शाळेत लिपिक होते. जिवासाठी दर बुधवारी जिल्ह्याच्या पेपरात सदर लिहायचे. माझ्या जन्माच्या आधीपासून लिहायचे. विषय खो-खो, कुस्ती, जत्रेतल्या धावण्याच्या शर्यती आणि मनात आलंच तर कबड्डी. (कबड्डीवाले अजून रागावलेले आहेत. त्यांचा राग रास्त आहे. नाना कबड्डीला 'दमाचा खेळ' म्हणून दोन ओळींत गुंडाळायचे.) क्रिकेटबद्दल मी त्यांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "अगं, ज्या खेळात मधे जेवणाची सुट्टी असते त्यावर काय लिहायचं? जेवून माणूस पळतो का कधी? आपल्या खो-खोत बसलेला गडीसुद्धा कामावर असतो. तिथं उभा असलेलासुद्धा रजेवर."

आता मी कोण? मी येरमाळ्याची. माझ्या वडलांचं हायवेला पंक्चरचं दुकान आहे. शाळेत असताना मी जिल्ह्याच्या संघातून खो-खो खेळले, आणि आता पत्रकं काढते. मोर्चे, निवेदनं, धरणं, जे लागेल ते. दोन्ही गोष्टींत नानांचा हात आहे. पण आमची ओळख भांडणातून झाली.

नववीत होते. जिल्हा स्पर्धेचा अंतिम सामना. मी पळतीला होते, म्हणजे समोरच्या संघानं पाठलाग करायचा आणि मी हाती लागायचं नाही. बरीच मिनिटं टिकले. मग कडेच्या रेषेजवळून वळताना पाय कशात तरी अडकला, तोंडावर पडले, ती थेट रेषेच्या बाहेर. बाद. आम्ही हरलो. हरल्याचं दुःख दोन दिवसांत गेलं असतं. पण बुधवारी सदर आलं आणि त्यात नानांनी लिहिलं होतं की, येरमाळ्याची ही चपळ मुलगी ऐन वेळी घाबरली आणि मैदानाबाहेर पळाली.

घाबरली? मी?

मी पोस्टकार्ड लिहिलं. ते माझं पहिलं पत्रक समजा. 'महोदय, आपण धादांत खोटे लिहिले आहे. मी घाबरले नाही. तिथे दोर होता. आपण दोराबद्दल का लिहीत नाही? दोर कुणाचा होता?' खाली सही, तुकडी आणि हजेरी क्रमांक. हजेरी क्रमांक कशासाठी, ते मला आजही सांगता येणार नाही.

आठ दिवसांनी आमच्या गल्लीत एक माणूस एसटीतून उतरून विचारत विचारत आला. पांढरा सदरा, इस्त्रीचा. काखेत छत्री, खांद्याला शबनम. माझं नाव घेऊन घर विचारलं. झालं! गल्लीला एवढं पुरे होतं. आमची चुलती दारातूनच ओरडली, "आगं ए, भायेर ये. पोरीला बघाया पाहुणं आलंय."

"काय बोलता वैनी, नववीत हाय ती," आई आतून.

"मंग त्या म्हाताऱ्याला कळाया नको? ह्या वयात!"

आई पदर सावरत बाहेर आली. नानांनी छत्री खाली ठेवली, हात जोडले. "मी बघायला नाही आलो बाई. माफी मागायला आलोय."

"कुणाची?"

"तुमच्या मुलीची."

आईचा चेहरा पांढरा पडला. "काय केलं तिनं?"

"तिनं काही नाही केलं. मी केलं."

आईला हे काही केल्या उमगेना. जिल्ह्याच्या गावाहून इस्त्रीचा सदरा घातलेला माणूस येतो आणि नववीतल्या पोरीची माफी मागतो, हे तिच्या हिशोबात कुठं बसतच नव्हतं. तिनं आपलं सुरक्षित म्हणून पोहे टाकले. चुलती मात्र दारात तशीच उभी. माफी संपल्यावर तरी मागणी घालतील, अशी तिला आशा असावी.

नानांनी सगळं सरळ सांगितलं. मी पडले त्या क्षणी मान्यवर फोटोसाठी उठले होते. नानांच्या समोर सहा पाठी उभ्या राहिल्या. त्यांना काही दिसलं नाही. शेजारच्याला विचारलं, काय झालं? तो म्हणाला, "गेली भायेर, भ्याली." नानांनी तेच लिहून दिलं. "एवढ्या वर्षांत न बघता लिहिलेलं हे पहिलंच वाक्य," ते म्हणाले, "आणि नेमकं तुझ्या वाट्याला आलं. आता मला दोर दाखव."

दोर स्पर्धेच्या मैदानावर होता, तो इथं कुठून दाखवू? पण नानांना ऐकीव माहिती पुन्हा नको होती. आम्ही सगळे वडलांच्या दुकानावर गेलो. वडलांनी गाडी ओढायचा दोर काढून, मंडपाचा ताण असतो तसा तिरपा, एका खुंटीला बांधला. मी पळून, वळून, पडून दाखवलं. नानांनी छत्रीनं अंतर मोजलं. म्हणाले, "पुन्हा." मी पुन्हा पडले. "आता बाजूला हो." आणि सदरा खोचून तो साठीतला माणूस स्वतः पळाला.

दोर नानांना व्यवस्थित लागला. फक्त पुढं रेषेऐवजी ट्यूब बुडवून पंक्चर शोधायची टाकी होती. नाना तिच्यात कंबरेपर्यंत गेले.

वडलांनी खाली वाकून पाण्याकडं बारीक नजरेनं बघितलं आणि म्हणाले, "बुडबुडे न्हायत. सायेब पंक्चर न्हायत."

नाना त्या टाकीत बसून एवढे हसले, की चुलतीनंसुद्धा मागणीची आशा सोडली.

पुढच्या बुधवारी सदराच्या वर चौकट होती: 'माझी चूक'. त्यात त्यांनी लिहिलं की दुपारी मान्यवरांच्या तोंडावर ऊन आलं म्हणून मंडप मैदानाकडं सरकवला होता, त्याचा दोर खेळाडूंच्या वाटेत आला होता, आणि 'येरमाळ्याच्या मुलीला प्रतिस्पर्ध्यांनी नव्हे, मान्यवरांच्या सावलीने बाद केले. हे मी स्वतः पडून पाहिले आहे.' आयोजकांनी त्यांच्याशी वर्षभर बोलणं टाकलं. नानांनी ते वर्ष फार सुखात गेल्याचं सांगितलं. पण दुसऱ्या वर्षी मंडप रेषेपासून पुरता लांब होता. ट्रॉफी मला पुढं दोन मिळाल्या. त्या दोन्हींपेक्षा मला त्या मंडपाचं मागं सरकणं मोठं वाटतं.

ते कात्रण मला टपालानं आलं. कात्रणाची ही रीत नीट समजून घ्या, कारण सगळं प्रकरण तिच्यावरच उभं आहे. पेपर नानांना एक अंक फुकट द्यायचा, फक्त एक. खेड्यापाड्यातल्या खेळाडूंच्या घरी पेपर यायचा नाही. मग नाना बुधवारी दुपारी काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, शिवणाच्या कात्रीनं आपलं सदर कापायचे आणि ज्याच्यावर लिहिलं त्याला पाठवून द्यायचे. टपालानं, एसटीच्या वाहकाबरोबर, नाहीतर स्वतः जाऊन. मी एकदा म्हटलं, "नाना, तुमच्याकडं काय राहतं मग?" तर म्हणाले, "माझ्याकडं कशाला राहायला पाहिजे? पळाला तो, कागद त्याचा."

कॉलेजात गेल्यावर मी त्यांच्या घरी चकरा मारू लागले. जिल्ह्याच्या मैदानावर मुलींसाठी कपडे बदलायची एक खोली होती. तिला बारमाही कुलूप. आत मंडपवाल्याच्या खुर्च्या. मुली चादर धरून भिंतीआड कपडे बदलायच्या. मी पेटले आणि पत्रक लिहिलं. मोठ्या तोऱ्यात नानांपुढं ठेवलं. त्यांनी लाल पेन घेतलं आणि पानभर 'निषेध' शब्दाभोवती गोल काढत गेले.

"सात वेळा निषेध," म्हणाले. "एक ठेव. कुठला ठेवायचा तो तू ठरव."

"नाना, राग यायला नको का वाचणाऱ्याला?"

"येऊ दे की. पण तू सगळा राग स्वतःच संपवून टाकलास, त्याला काय उरला? हे ओरडणं झालं. ओरडणाऱ्याचा आवाज ऐकू येतो, शब्द नाही येत. मला सांग, किल्ली कुणाकडं आहे?"

मला माहीत नव्हतं.

"मग काय लिहितेस? शासन, प्रशासन, यंत्रणा! यंत्रणेच्या कमरेला किल्ली असते का? जा, बघून ये."

गेले. तीन दिवस मैदानावर बसले. किल्ली एका शिपायाच्या करगोट्याला होती, आणि तो ती उघडायला तयारही होता, पण त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मैदानाच्या कार्यालयातल्या साहेबांना वाटायचं ती खोली मंडपवाल्याची आहे, मंडपवाल्याला वाटायचं साहेबांची मेहेरबानी आहे. मी नवं पत्रक काढलं, त्यात एवढंच लिहिलं, खाली नानांच्या हट्टापायी एकच 'निषेध'. आठवड्यात खुर्च्या बाहेर. मोर्चा काढायचा राहूनच गेला, याचं मला जरा वाईटही वाटलं. घोषणा चांगल्या जमल्या होत्या.

नाना साधुसंत नव्हते, हेही सांगून टाकते. कौतुकाला महाकंजूष. माझ्या चांगल्यातल्या चांगल्या खेळावर त्यांनी 'बरी पळाली' एवढंच लिहिलंय. माझ्या एकाही निवेदनावर त्यांनी सही केली नाही. "मी पंचाच्या बाजूला बसणारा माणूस, मला खेळायला लावू नको," म्हणायचे, आणि मी त्यांना तोंडावर पळपुटे म्हटलेलं आहे. ते म्हणाले, "बरी बोललीस."

आता अन्यायाचं मूळ.

शेवटच्या काही वर्षांत नानांचे गुडघे गेले. मैदानावर जाणं बंद झालं, आणि न बघता लिहायचं नाही म्हणून त्यांनी सदर बंद केलं. पेपरला तसं कळवलं. पेपरनं सदर बंद केलं, पण नानांचा फोटो काही सोडला नाही. क्रिकेटचा हंगाम आला की त्या फोटोखाली, त्यांच्याच नावानं, 'आजचा सामना कोण जिंकणार' हा मजकूर यायला लागला. लिहायचं कोण, देव जाणे. कुठल्या तरी शहरातून तयार यायचा. फोटो तेवढा इथला, ओळखीचा, विश्वासाचा.

नानांना हे कळलं ते चहाच्या टपरीवर. टपरीवाल्यानं विचारलं, "नाना, आज टॉस कोण जिंकल?" नाना म्हणाले, "कशाचा टॉस?" मग पेपर बघितला. चहा तसाच टाकून घरी आले.

पुढं तर लोक घरी यायला लागले. तुळजापूरच्या एका लॉजवाल्यानं नानांच्या नावाचं भाकीत वाचून मित्राशी पैज लावली, हरला, आणि मिशी गमावली. तो गाडी काढून धाराशिवला आला आणि नुसता ओठ दाखवत दारात उभा राहिला. "बघा नाना. लग्नाच्या आधीपासूनची मिशी व्हती. बायकूनं वळखलं न्हाई मला."

नानांनी 'हे मी लिहिलं नाही' म्हणून सांगायचं की नाही? पण समोरच्याचं नुकसान दिसलं की त्यांच्या तोंडून सवयीनं एकच निघायचं. म्हणाले, "माझी चूक." मी तिथंच होते. मी म्हटलं, "नाना, तुमची कशी चूक?" लॉजवाल्यालाच मग नानांची दया आली. त्यानं त्यांना तुळजापूरला दर्शनाला यायचं आमंत्रण दिलं, खोली फुकट.

त्याच दिवशी नानांनी पेपरला पत्र लिहिलं: ही भाकितं माझी नाहीत, कृपया चौकटीत तसं छापा. ते पत्र मी स्वतः नेऊन दिलं. छापलं नाही. मी चिडले, उपोषणाला बसते म्हणाले. नाना म्हणाले, "क्रिकेटसाठी उपोषण? माझी काय अब्रू राहील?" आणि विषय हसण्यावारी नेला. मीही नेऊ दिला. ही माझी चूक. लिहून ठेवते.

म्हणून त्या बुधवारी पान सात वाचल्यावर मी थेट नानांच्या घरी गेले. काकूंपुढं पेपर होता. आधी त्या हसल्या. "आता तुझ्या नानांना वर गेल्या गेल्या टॉसला उभं करतील बघ." मग हसणं थांबलं. म्हणाल्या, "एक कात्रण शोध गं. खरंखुरं, त्यांचं. फोटोपाशी ठेवायला. हे कसं ठेवू?"

मी माळ्यावर चढले. बुधवारच्या अंकांचे गठ्ठे होते, सुतळीनं बांधलेले, वर्षावर्षाचे. एक सोडला. पहिला अंक उलगडला तर पानाच्या मधोमध चौकोनी भोक. दुसरा काढला, भोक. तिसरा, भोक. सगळ्या गठ्ठ्यांत, प्रत्येक बुधवारी, जिथं नाना असायचे तिथं खिडकी. मी एक पान वर धरलं तर त्या भोकातून खाली उभ्या काकू दिसत होत्या.

"सगळे वाटून टाकले," मी म्हटलं.

"मला माहीताय. वाटलं, एखादं चुकून राहिलं असेल. कात्री माझी होती. बोथट करून टाकली कागद कापून कापून." काकूंनी पदराला हात पुसले. "बुधवारी हा माणूस एकदाही वेळेवर जेवला नाही. आधी पोस्ट, मग स्टँड, मग जेवण. आमटी दोनदा गरम करायची मी. ते काय क्रिकेटसाठी? तू जा आणि खरं काय ते छापून आण. मग मी उरलेलं रडते."

मी पेपरच्या कार्यालयात गेले. जाताना मनात पूर्ण भाषण तयार होतं. पण टेबलामागं माझ्याच वयाचा एक उपसंपादक निघाला. डबा खात होता. माझा अवतार बघून त्यानं डबा झाकला.

"तुम्ही नानांना क्रिकेटवाला केलंत!"

"ताई, मी काय मनानं लिहिलं का? या, बघा." त्यानं संगणकावर नानांचं नाव टाकलं. पान संपता संपेना, आणि सगळं क्रिकेट. नानांचा फोटो, खाली टॉस. नानांचा फोटो, खाली खेळपट्टी. "मला लागून दोन वर्षं झाली. मला हेच नाना माहीत. चार ओळी मीच लिहिल्या. ज्ञानकोशसुद्धा मीच घातला. आदरानं घातला हो."

"जुने अंक काढा."

"मागच्या जागेत वाळवी लागली. फायली गेल्या. संगणकात आहे तेवढंच आहे."

भांडायला माणूसच मिळेना. खोटं कुणी बोलत नव्हतं, आणि तरी सगळं खोटं होतं. मी संपादकांच्या दालनात गेले. ते म्हणाले, श्रद्धांजलीत दुरुस्ती शोभत नाही. मी म्हटलं, खोट्या श्रद्धांजलीपेक्षा शोभेल. ते म्हणाले, तुमच्या म्हणण्याला आधार काय? मी म्हटलं, अख्खा जिल्हा. ते म्हणाले, "जिल्हा छापता येत नाही. कागद आणा." तेव्हा तो उपसंपादक मागून हळूच म्हणाला, "साहेब, दहा गावांतून दहा कात्रणं आली तर आपण बुधवारची ती जुनी जागा पूर्ण देऊ. मी स्वतः टाईप करतो." साहेबांनी मान हलवली. मी ते तिथल्या तिथं कागदावर लिहून घेतलं, दोघांच्या सह्यांसकट. पत्रकवाली आहे मी, तोंडी आश्वासनावर उठत नाही.

बाहेर पडले ती थेट येरमाळ्याला, वडलांच्या दुकानावर. माझं कात्रण वडलांनी तेव्हाच कौतुकानं दुकानाच्या काचेला चिकटवलं होतं. ते अजून तिथंच आहे. पण दहा वर्षांच्या उन्हानं त्यावरचं अक्षर न् अक्षर खाल्लंय. कोरा पिवळा कागद. वडील म्हणाले, "मला वाचता येतं की. पाठ हाय." आणि उभ्या उभ्या सगळं म्हणून दाखवलं, मान्यवरांच्या सावलीसकट. पण पाठांतराला संपादक कागद धरणार नाहीत.

तेव्हापासून मी फिरतेय. तुळजापूरला मंदिराच्या वाटेवरच्या एका हळदी-कुंकवाच्या दुकानात एक मिळालं. दुकानदार शाळेत असताना शर्यतीत शेवटून दुसरा आला होता, आणि नानांनी 'थांबला नाही' असं लिहिलं होतं. प्लॅस्टिकमध्ये घालून गल्ल्याच्या वर लावलंय. कळंबच्या एका बाईंनी लग्नात रुखवतावर मांडलेलं कात्रण काढून दिलं. सासूबाई म्हणे तेव्हा विचारत होत्या, हा कसला पदार्थ.

अणदूरला एक जुने पैलवान आहेत, आता गुडघे धरून चालतात. म्हणाले, "माझं तर फ्रेम केलेलं हाय! देवाशेजारी!" मोठ्या मानानं आत घेऊन गेले. फ्रेमला ताजा हार, उदबत्ती. मी वाचलं. बोअरवेलची जाहिरात होती. काच फुटल्यावर सुनेनं फ्रेम बदलून आणली तेव्हा कारागिरानं कागद उलटा बसवला होता. पैलवानांची नजर अधू, सून तेव्हा नव्यानं आलेली, कुणाच्या ध्यानातच आलं नाही. वर्षानुवर्षं त्या घरात 'खात्रीशीर पाणी' या ओळीला नमस्कार घडत होता. आम्ही खिळे काढले, कागद उलटला. तिथं नाना होते: '...पडला, पण पाठ लागू दिली नाही.' पैलवान मला म्हणाले, "मोठ्यानं वाच." मी वाचलं. "परत वाच." पुन्हा वाचलं. सून पदराआड हसत होती आणि डोळेही पुसत होती. "आनि त्येला किरकेटवाला म्हंत्यात?" पैलवान उठून उभे राहिले. "कुठाय ते हापिस?" त्यांना खाली बसवायला दोघं लागले.

चौथं उमरग्याच्या बाजूच्या एका शिक्षकांकडं मिळालं. चार झाली. चार गावं. अजून सहा हवीत, आणि मला आता कुठल्या दारात जायचं ते माहीत नाही, कारण नानांनी कुणाला काय पाठवलं याची नोंद कुठंच ठेवलेली नाही. ते फक्त तुम्हाला माहीत आहे.

म्हणून हे वाचणाऱ्या बाई, बाबा, दादा, ताई, तुम्हालाच सांगते. तुम्ही कधी या जिल्ह्यात पळाला असाल, कुस्तीत पडला असाल, जत्रेत शेवटून दुसरे आला असाल, तर आत्ता उठा. लोखंडी पेटी उघडा. देवाच्या तसबिरीमागं बघा. शाळेच्या दाखल्यांच्या पिशवीत, आईच्या लुगड्यांच्या घडीत, भिंतीवरच्या फ्रेमच्या उलट्या बाजूलाही बघा. सापडलं की मूळ कागद कुणाच्या हाती देऊ नका, माझ्याही नाही. झेरॉक्स काढा, मागं तुमच्या गावाचं नाव लिहा आणि येत्या बुधवारी सकाळी अकराला पेपरच्या कार्यालयात घेऊन या. घोषणा नकोत. रांगेत उभं राहा, कागद टेबलावर ठेवा, पोच घ्या. काकू माझ्याबरोबर तिथंच बसलेल्या असतील. त्यांना तुमचं कात्रण मोठ्यानं वाचून दाखवा.